मिठाचं पोतं आणि दोन रुपये

परळी वैजनाथहून समुद्र किती लांब आहे, हा प्रश्न १९४८ साली कुणी विचारला असता तर वैजनाथाच्या पायऱ्यांवरच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या वर्षी परळीतल्या प्रत्येक चुलीशी त्या समुद्राचा संबंध होता. मीठ तिथूनच यायचं, आणि मधे एक सरहद्द होती.

परळी तेव्हा भारतात नव्हती! १५ ऑगस्ट १९४७ उजाडला, सोलापूर-नगरला तिरंगा चढला, आणि परळीचा बीड जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. केवढं संस्थान? सुमारे ८२,००० चौरस मैल, दीड कोटीहून जास्त माणसं, आणि किनारा एक इंचही नाही. चहूबाजूंनी भारत. असल्या राज्यात लढाई सुरू व्हायला तोफ लागत नाही. गाडी अडली तरी पुरे.

आता परळीचं स्टेशन बघा. विकाराबादहून बिदर, उदगीर करत येणारा रूळ ब्रॉडगेज. परभणीकडे जाणारा मीटरगेज. म्हणजे एकाच स्टेशनात दोन रुंदीचे रूळ, आणि एकीकडचा डबा दुसरीकडे चालायचाच नाही. मनमाडच्या वाटेने निघालेलं मिठाचं एक पोतं धरा. मुंबईकडून ते मनमाडपर्यंत ब्रॉडगेजवर यायचं, तिथे उतरवून मीटरगेजच्या डब्यात, परळीला पुन्हा उतरवून उदगीरकडच्या ब्रॉडगेजमध्ये. प्रत्येक वेळी हमालाची पाठ. शिवाय हद्दीवर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात. चिमूटभर मिठाने इतका प्रवास करावा?

आणि त्याचे पैसे द्यायचे कोणते? कारण रुपयेच दोन होते. चारमिनारचा छाप असलेला निजामाचा ‘हाली’, आणि हद्दीपलीकडचा ‘कलदार’. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. बाजारात बसलेल्या दुकानदाराला हा सातास सहाचा हिशेब तोंडी करावा लागे. आपल्याला आज कॅल्क्युलेटर काढावा लागेल. हालीच्या नोटेवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा पाच भाषा. कोर्ट-कचेरीत मात्र उर्दूच.

तारीखसुद्धा वेगळी. घरातल्या पंचांगात भाद्रपद, सोलापूरच्या वर्तमानपत्रात सप्टेंबर आणि तहसिलीच्या कागदावर आबान, फसली सन १३५७. एकाच दिवशी एकाच माणसाने तीन काळांत राहायचं!

२९ नोव्हेंबर १९४७ला भारत आणि हैदराबाद यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, वर्षभरासाठी. पण लगेचच निजाम सरकारने वटहुकूम काढून आपल्या हद्दीत भारतीय चलनावर बंधन घातलं. कलदार अडकला की पलीकडचा माल अडकला. मग भारताकडूनही माल यायचा थांबू लागला. औषधं सोडाच, पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनसुद्धा मिळेना, अशी हैदराबादची तक्रार होती. आमची नाकेबंदी नाहीच, असं दिल्लीचं म्हणणं.

एकीकडे ही टंचाई, तर दुसरीकडे सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्री कराचीहून बंदुका भरून उडायचा आणि बिदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरायचा. बिदर म्हणजे परळीच्याच रेल्वेच्या वाटेवरचं गाव. मीठ अडतं आणि बंदूक आकाशातून येते, याला काय म्हणावं?

जमिनीवर रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, धाक होता. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. खेड्यांतून लूट, जाळपोळ सुरू झाली, तसे लोक बायकामुलांना पलीकडच्या नातेवाइकांकडे पोचवू लागले. बार्शी, सोलापूर, नगर. सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प होते. मराठवाड्यात आजही म्हातारी माणसं ‘रझाकारीत’ एवढंच म्हणतात. पुढचं ऐकणाऱ्याला कळतं.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत शिरल्या. ऐन गणपतीचे दिवस. मुख्य फळी सोलापूरहून नळदुर्गाकडे, दुसरी उत्तरेकडून औरंगाबाद-जालन्यावर. परळी या दोन्हींच्या मधे. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दोनशे वर्षांहून जुनी राजवट पाच दिवसांत!

इथे थांबून जल्लोषावर पडदा पाडणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. त्यानंतरच्या आठवड्यांत हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सत्तावीस ते चाळीस हजारांचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला बसल्याचं नोंदवलं. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

राज्य बुडालं, पण त्याचा रुपया? तो चालूच राहिला! शरणागतीनंतर तब्बल अकरा वर्षं, १९५९पर्यंत. म्हणजे १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तरी हाली चलनातच होता, आणि हिशेब तोच, सातास सहा.