तज्ज्ञांची शाळा : संधिवात परिषदांतील शिक्षणसत्रे

वैद्यकीय परिषद म्हटली की शोधनिबंधांचे वाचन आणि नव्या औषधांची चर्चा एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु अशा परिषदांचे आणखी एक अंग आहे आणि शाळेच्या व्यासपीठाला तेच अधिक जवळचे वाटावे. ते म्हणजे शिक्षणसत्रे. पदवी घेऊन वीस वर्षे लोटलेला तज्ज्ञ तेथे पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसतो.

याची गरज काय, हे संधिवातशास्त्राचा इतिहासच सांगतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९४९ मध्ये रुग्णांची उपचारापूर्वीची व नंतरची हालचाल त्यांनी चित्रपटाद्वारे सहकाऱ्यांना दाखविली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हेच औषध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो, हेही लवकरच उमगले. औषध सापडणे ही एक गोष्ट. ते वापरावयास शिकणे ही दुसरी.

शिक्षणसत्रांत हे दुसरे काम चालते. सांधे तपासण्याचेच उदाहरण घ्या. खांदे, कोपरे, मनगटे, हातांच्या बोटांचे सांधे आणि गुडघे मिळून २८ सांधे मोजण्याची पद्धत रूढ आहे. तिच्यात घोटे व पावले येत नाहीत. म्हणून आकडा समाधानकारक आला तरी रुग्णाची पावले पाहावयास विसरू नये, हा धडा पुस्तकापेक्षा प्रात्यक्षिकातच अधिक ठसतो.

दुसरा धडा मेथोट्रेक्सेटचा. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी घटून प्रसंग प्राणावर बेतू शकतो. चिठ्ठीवर वार स्पष्ट लिहिणे आणि तो रुग्णाकडून वदवून घेणे, ही साधी सवय जीव वाचविते. तिसरा धडा क्षयाचा. टीएनएफ या प्रथिनाला रोखणारी औषधे १९९०च्या दशकाअखेरीस उपलब्ध झाली; त्यांमुळे सुप्त क्षय उफाळू शकतो, असा इशारा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात उपचारापूर्वीची क्षयतपासणी म्हणूनच अपरिहार्य ठरते.

आज हे वर्ग केवळ डॉक्टरांपुरते राहिलेले नाहीत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या 'युलार' या युरोपीय संस्थेच्या वार्षिक परिषदेत परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि रुग्णांच्या संघटनाही सहभागी होतात. सकाळी उठल्यावर बोटे किती वेळ आखडलेली असतात, हे रुग्णाइतके कोण सांगू शकेल?

ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन संधिविकारांची पाहणी सुरू झाली. ग्रामीण भारतातील दुखण्यांचे मोजमाप तीमुळे जगातील अभ्यासकांपुढे आले.

परिषद संपते, फलक उतरतात. तेथे शिकलेले मात्र गावातल्या दवाखान्यात, वाकड्या बोटांनी चिठ्ठी धरलेल्या आजीपर्यंत पोहोचावयास हवे. सत्राची खरी परीक्षा तेथेच होते. शिकविणाऱ्याने आयुष्यभर शिकत राहावे, हा संस्कार आपल्यापैकी प्रत्येकाने प्रथम शाळेतच घेतला आहे; त्याचे मोल अशा वेळी पुन्हा जाणवते.