गांधीलमाशी : सापळा आणि सावधगिरी

साकीनाक्याच्या चाळींत पत्र्याखाली, छज्ज्याला किंवा बंद गाळ्याच्या शटरमागे गांधीलमाश्यांचे पोळे हमखास सापडते. तांबूस अंगावर पिवळा पट्टा असलेली मोठी गांधीलमाशी मिठाईच्या आणि मटणाच्या दुकानांभोवतीही घोटाळते. तिच्यासाठी घरगुती सापळा करता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवावा. तळाशी गुळाचे पाणी, थोडे व्हिनेगर व साबणाचे चार थेंब घालावेत. व्हिनेगरमुळे मधमाश्या सहसा फिरकत नाहीत. साबणामुळे आत पडलेली माशी लवकर बुडते. सापळा दारात नव्हे, दूर टांगावा, नाहीतर आपणच आमंत्रण दिल्यासारखे होते! मात्र सापळ्याने पोळे जात नाही. पेटता बोळा लावून ते जाळण्याचे धाडस मुळीच करू नये. माहीतगाराकडून काढून घ्यावे.

हिची नांगी मधमाशीसारखी तुटून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा डसू शकते. डंखावर चुना लावण्यात किंवा लोखंड घासण्यात वेळ घालवू नये. जागा साबणाने धुऊन फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घेरी आली किंवा एकदम अनेक डंख झाले, तर ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. अशा रुग्णाला अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन मिनिटांच्या आत मिळावे लागते.