कचऱ्याचा झगा आणि पंसुकूल चीवर

नजर पोचेल तिथपर्यंत कचरा पसरलेला आहे आणि त्या कचऱ्यातून एक उंच स्त्री-आकृती उभी राहिली आहे. तिचा घेरदार झगा कचऱ्याचाच बनवलेला. त्याचा घोळ खालच्या ढिगाऱ्यात असा मिसळला आहे, की पोशाख कुठे संपला आणि उकिरडा कुठे सुरू झाला हे कळत नाही. फाब्रिस मोंतेइरो या छायाचित्रकाराने टिपलेले हे चित्र पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाचे आहे. राजधानी डाकारजवळ म्ब्यूबूस नावाचे एक तळे होते. ते आटले आणि १९६८ पासून तिथे शहराचा कचरा पडू लागला.

मोंतेइरो यांनी पूर्वी स्वतः मॉडेल म्हणून काम केलेले आहे. फॅशनचे जग त्यांनी आतून पाहिले. २०१३ साली त्यांनी डूल्सी या सेनेगली फॅशन डिझायनरला बरोबर घेऊन ‘द प्रॉफेसी’, म्हणजे ‘भाकीत’, ही चित्रमालिका सुरू केली. कुठे सांडपाण्याने नासलेला समुद्रकिनारा, तर कुठे वणव्यात जळालेले रान. प्रत्येक ठिकाणी त्या जागेच्याच नासाडीतून उभा राहिलेला एक ‘जिन्न’ माणसाला इशारा देतो. आपण धम्माचे अनुयायी भूत-पिशाच मानत नाही. परंतु तिथल्या मुलाबाळांना कळावे म्हणून तिथल्याच लोककथेच्या भाषेत ही गोष्ट सांगितली आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

फॅशनची छायाचित्रे एरवी काय सांगतात? नवे घ्या, जुने टाका. टाकलेले कुठे जाते हे ती कधीच दाखवत नाहीत. वहीत फक्त जमेची बाजू लिहावी आणि नावेची कोरी ठेवावी, तसला हा हिशेब! मोंतेइरो यांनी तोच कॅमेरा आणि तोच झगा वापरून कोरी ठेवलेली बाजू लिहून काढली, हे त्यांचे मोठे काम.

परंतु बंधू-भगिनींनो, चिंध्यांच्या पोशाखाकडे आपण नुसते कौतुकाने पाहू शकत नाही. त्याचा एक इतिहास आपल्या अंगावर आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, असा दंडक आहे. म्हणजे दुसऱ्याने टाकलेले हेच आपले वस्त्र, असे धर्माच्या नावाने ठरवून दिले होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना उपदेश केला, की अस्पृश्यतेच्या खुणा अंगावरून काढून टाका. लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या. गरिबीच्या ठिगळाची लाज नाही, मात्र गुलामीची खूण नको, हा त्याचा अर्थ.

आता तथागतांच्या संघाकडे पाहा. भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पंसुकूल म्हणतात. चिंधी तीच, पण इथे सक्ती नव्हती. सर्व भिक्खूंनी जन्मभर पंसुकूलच वापरावे, असा नियम करा, अशी मागणी देवदत्ताने केली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारली. ज्याची इच्छा असेल त्याने पंसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने उपासकांनी दिलेले चीवर घ्यावे, असे ते म्हणाले. मनूची चिंधी आणि बुद्धाची चिंधी यांत फरक आहे तो हाच.

विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? अंथरुणावरची चादर. जुन्या चादरींचे? गादीची खोळ. मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके. फडकेही विरले की ते कुटून, चिखलात मळून जमीन सारवायची. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आज ज्याला रिसायकलिंग म्हणतात, त्याचा पाठ अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या संघात दिला गेला. आईच्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आपली आजी त्याच वाटेने चालत होती.

म्हणून कचऱ्याचे कोणतेही सुंदर छायाचित्र पाहिले की एक प्रश्न विचारावा : कचरा वेचणारा माणूस यात कुठे आहे? मॉडेल झगा उतरवून घरी जाते. वेचक दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ढिगावर येतो. म्ब्यूबूसच्या वेचकांनी ‘बोक् जोम’ नावाची आपली संघटना बांधली. आपल्याकडे पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्या बहुतेक दलित समाजातल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत त्या पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या आणि त्या सेवेचा मोबदला मिळू लागला.

आपण आपल्या घरात काय करू शकतो? ओला-सुका कचरा वेगळा ठेवू या. फुटकी काच आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून देऊ या. तो कचरा कुणाच्या तरी उघड्या हाताला लागणार आहे. भीमजयंतीला नवे कपडे जरूर घ्यावेत, नीटनेटके राहण्याचा धडा बाबासाहेबांनीच दिला आहे. पण जुने धडके कपडे धुऊन, बटणे लावूनच दुसऱ्याला द्यावेत. आणि दारात येणाऱ्या मावशीला कचरेवाली न म्हणता तिच्या नावाने हाक मारावी.

मोंतेइरो यांची चित्रे मुलांना अवश्य दाखवा. त्याचबरोबर एखाद्या वेचक भगिनीच्या ओळखपत्रावरचा छोटा फोटोही दाखवा. त्यात झगा नाही, रोषणाई नाही. पण तिचे नाव आहे, आणि ते नाव तिने संघटित होऊन मिळवलेले आहे.

जय भीम!