पेनड्राइव्हची रॅमबाण मात्रा!

पीसी हँग होतोय? पेनड्राइव्ह खोचा आणि पळवा त्याला!

अफवा वाटली ना? अजिबात नाही. ही सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने दिली होती. नाव होतं रेडीबूस्ट. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा घराघरासाठी बाजारात आली आणि तिच्या पोटात हे पिल्लू होतं.

आता तो काळ आठवा. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वन-रूम-किचनमध्ये एमएस-सीआयटीच्या निमित्ताने पीसी आला होता. बहुतेक असेम्बल्ड. त्यात रॅम २५६ नाहीतर ५१२ एमबी. आणि व्हिस्टाबाई म्हणायच्या, किमान ५१२ एमबी असेल तरच मी घरात पाऊल टाकीन! रॅम वाढवायची तर डोंबिवली-दादर, दादर-ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. (माहीत आहे का? या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण रॅम घ्यायला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टनलाच जातो.) त्यापेक्षा खिशातला पेनड्राइव्ह लावला तर? आयडिया भारीच होती!

पण थांबा. पेनड्राइव्ह म्हणजे काही रॅम नव्हे. मग जादू कसली?

जादू आहे शोधाशोधीची. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर एक बारीक हात सरकतो. छोटीशी फाइल हवी असली तरी हात जागेवर जाईपर्यंत आणि तबकडी फिरून येईपर्यंत साधारण १० मिलिसेकंद जातात. फ्लॅशमध्ये काही फिरत नाही, काही सरकत नाही. चांगला पेनड्राइव्ह तेच काम एखाद्या मिलिसेकंदात उरकतो. रॅमला मात्र सेकंदाचा एक कोट्यांश भाग पुरतो.

मिलिसेकंद डोक्यात शिरत नाहीत? मग हे घ्या. समजा, रॅमला एक सेकंद लागला. त्याच हिशेबाने पेनड्राइव्हला पावणेतीन तास लागतील, म्हणजे डोंबिवलीहून सीएसएमटीला जाऊन परत. आणि हार्ड डिस्कला? जवळजवळ २८ तास! तेवढ्यात कल्याणहून मेल पकडून तुम्ही दिल्लीला पोचाल.

म्हणजे पेनड्राइव्ह रॅमपुढे कासव आणि हार्ड डिस्कपुढे ससा. पण यातही ट्विस्ट आहे. मोठी, सलग फाइल वाचायची असेल तर हार्ड डिस्कच त्या काळच्या पेनड्राइव्हला मागे टाकायची. रेडीबूस्टला हे पक्कं ठाऊक होतं. किरकोळ, विखुरलेले तुकडे पेनड्राइव्हकडून घ्यायचे आणि सलग मोठा माल डिस्ककडून. हुशार आहे की नाही?

सोबतीला होता सुपरफेच. कोणता प्रोग्रॅम तुम्ही कधी उघडता, याची तो नोंद ठेवायचा. रोज सकाळी टॅली उघडणाऱ्या अकाउंटंटसाठी टॅलीचे तुकडे आधीच हाताशी आणून ठेवायचे, ही त्याची ड्यूटी.

काम चालू असताना पोराने पेनड्राइव्ह उपटला तर? काहीही बिघडत नाही! त्यावरच्या प्रत्येक तुकड्याची मूळ प्रत हार्ड डिस्कवर असतेच. तोच पेनड्राइव्ह लोकलमध्ये पडला तर? उचलणाऱ्याच्या हाती फक्त अगम्य आकडे लागतील, कारण सगळा माल १२८ बिटच्या एईएस कुलपात बंद. वर तो दाबून भरलेला, त्यामुळे ४ जीबीत सुमारे ८ जीबीचा ऐवज मावतो. फुल्ल पॅक, अगदी ८.१५ च्या फास्टसारखा!

मात्र सिलेक्शन कडक. पेनड्राइव्ह किमान २५६ एमबीचा हवा आणि स्पीडची परीक्षा पास हवा. नापास झाला तर विंडोज सरळ ‘नको’ म्हणणार. पुढे विंडोज ७ ने तर दार सताड उघडलं. एका पीसीला तब्बल ८ पेनड्राइव्ह, मिळून २५६ जीबी! एवढी यूएसबी पोर्ट घरच्या सीपीयूला असायला हवीत, एवढाच प्रश्न.

जरा इतिहासात उडी मारू. माहीत आहे का? अपुऱ्या मेमरीला बाहेरून टेकू द्यायची युक्ती साठ वर्षांहून जुनी आहे. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलास कॉम्प्युटरने फिरत्या चुंबकी ड्रमला मुख्य मेमरीशी असं जोडलं की, प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी दिसायची. आजची व्हर्च्युअल मेमरी ती हीच.

आणि आपल्याकडे? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली टिफ्रॅक हा स्वदेशी कॉम्प्युटर सुरू झाला. मेमरी २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटचा. गुणाकार करा, होतात फक्त १० केबी! आज ४ जीबीच्या एका रॅम पट्टीत असे चार लाखांहून जास्त टिफ्रॅक मावतील. तरी त्याच १० केबीवर आपल्या शास्त्रज्ञांनी खरीखुरी गणितं सोडवली. सलाम!

पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीचं बारसंही भन्नाट आहे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगासमोर मांडली. त्यातला डेटा एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. झालं नाव पक्कं! आणि इंटेलच्या पहिल्या फ्लॅश तंत्रज्ञानाच्या सहसंशोधकांपैकी एक कोण? पेंटियमचे जनक म्हणून गाजलेले विनोद धाम. जन्म, पुणे!

आता एक डँबिस प्रकरण. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. दावा काय, तर रॅम दुप्पट करतं. सहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. तज्ज्ञांनी उघडून पाहिलं तर रॅम दुप्पट करणारं आत काहीच नव्हतं! सरकारी बडगा बसला आणि खेळ खलास. म्हणून ‘एका क्लिकमध्ये रॅम वाढवा’ असं म्हणणारं काहीही आजही डाउनलोड करू नका. रॅम डाउनलोड होत नाही, विकतच घ्यावी लागते.

तुमच्या मोबाइलच्या खोक्यावर ‘८ + ८ जीबी रॅम’ लिहिलंय? पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधला उसना तुकडा. तीच जुनी युक्ती, नवं पॅकिंग!

मग आज रेडीबूस्ट लावावं का? माझा सरळ कौल ऐका. १-२ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असेल, खिशाला दुसरं काही परवडत नसेल, तर जरूर लावा. रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल तर फरक जेमतेम. आणि फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅशवर चालणारी एसएसडी असेल तर ‘कॉम्प्युटर पुरेसा फास्ट आहे’ म्हणत विंडोज स्वतःच नकार देते.

खरा चमत्कार हवा असेल तर हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवा. सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि शोधाशोध क्षणात. मग पीसी सुरू करून चहा टाकायला जाल, तर आधण यायच्या आत डेस्कटॉप हजर! आणि रॅमच वाढवायची असेल, तर ती घ्यायला जाताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, जबरदस्तीने दाबाल तर स्लॉट जाईल.

आणि हो, विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ जुन्या मशीनला दारात उभं करत नाही. पण लिनक्स मिंट २ जीबी रॅमवरही चालतं, ४ जीबीवर मजेत चालतं आणि फुकट आहे. तेव्हा माळ्यावरचा तो जुना पीसी भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा खाली उतरवाच!