झडपेच्या काठावरची काजळी

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या पिकअपच्या इंजिनात किती हवा शिरेल हे थ्रॉटल बॉडी ठरवते. एअर फिल्टरकडून येणारा जाड होज आणि इंजिनाचे इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसणारा हा ॲल्युमिनियमचा आखूड, पोकळ भाग असतो. त्याच्या आत आडव्या दांडीवर फिरणारी एक गोल चकती असते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर चालक पेट्रोल सोडतो असा सर्वसाधारण समज आहे, पण प्रत्यक्षात उघडते ती ही चकती. आत आलेल्या हवेचा अंदाज सेन्सर घेतात आणि त्या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन सोडते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर सीएनजीला सुमारे १७ भाग.

या चकतीवर काळा, ओशट थर जमतो. तो बाहेरच्या धुळीने जमतो असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. एअर फिल्टर धड असेल तर धूळ थोडीच पुढे येते. मुख्य वाटा इंजिनाच्या स्वतःच्या वाफेचा असतो. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेले वायू क्रँककेसमध्ये उतरतात आणि तिथल्या ऑइलचा सूक्ष्म तुषार बरोबर घेतात. हे वायू बाहेर हवेत सोडता येत नाहीत, म्हणून पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि एका होजच्या वाटेने ते पुन्हा इनटेकमध्ये आणले जातात. गरम इंजिन बंद केल्यावर मॅनिफोल्डमधली वाफ मागे सरकते आणि चकतीच्या पाठीवर निवते. थर पुढच्या बाजूपेक्षा मागच्या बाजूला जाड आढळतो तो त्यामुळेच. सीएनजी स्वच्छ जळतो हे खरे असले तरी ऑइलचा तुषार इंधन बदलल्याने थांबत नाही. बाजार समितीच्या आवारात माल उतरेपर्यंत तासन्‌तास आयडलिंगवर उभी राहणारी गाडी आणि महामार्गावर सलग धावणारी गाडी यांत पहिलीची चकती लवकर काळवंडते.

हा थर किती जाड झाल्यावर त्रास देतो, याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. चकतीच्या नळीचा व्यास ४५ मिलीमीटर धरला, तर पूर्ण उघड्या वाटेचे क्षेत्रफळ सुमारे १,६०० चौरस मिलीमीटर भरते. सव्वा लिटरच्या आसपासचे इंजिन आयडलिंगला सेकंदाला साधारण दोन ग्रॅम हवा ओढते, आणि तेवढ्यासाठी चकतीच्या कडेने १० ते १२ चौरस मिलीमीटरची फट पुरते. आता त्या कडेवर सगळीकडे ०.०३ मिलीमीटरचा थर बसला असे समजू. नळीचा घेर सुमारे १४१ मिलीमीटर असल्याने चारेक चौरस मिलीमीटर वाट बुजली. म्हणजे आयडलिंगच्या हवेतला तिसरा हिस्सा गेला. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र १,६०० मधले चार गेले काय नि राहिले काय, फरक कळत नाही. म्हणूनच मळलेल्या थ्रॉटल बॉडीची तक्रार जवळपास नेहमी सिग्नलवर किंवा गर्दीत येते, घाट चढताना नाही. साफसफाईने मायलेज वाढते, गाडी चढाला जोर धरते, या जाहिरातींवर विश्वास ठेवण्याआधी हा हिशेब पाहावा.

लक्षणेही त्याच फटीशी बांधलेली असतात. क्लच दाबून थांबताना आरपीएम खाली कोसळतो आणि इंजिन बंद पडते. सकाळी सुरू करताना थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. एसी किंवा हेडलाइट लावल्यावर, पॉवर स्टिअरिंग असेल तर ते पूर्ण वळवल्यावर इंजिन थरथरते. कधी आरपीएम आपोआप वरखाली होत राहतो. केबलवर चालणाऱ्या जुन्या बॉडीत पेडल सुरुवातीला चिकटून राहते आणि मग एकदम सुटते. स्कॅनर लावल्यास बऱ्याचदा पी ०५०६ हा कोड सापडतो; अपेक्षेपेक्षा आयडलिंग कमी, असा त्याचा अर्थ.

तरीही यातले एकही लक्षण एकट्या थ्रॉटल बॉडीचे नाही. झिजलेले स्पार्क प्लग, फाटलेला व्हॅक्यूम होज, मळलेला मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर, तुंबलेला सीएनजी फिल्टर हे सगळे असाच खेळ करतात. गाडी पेट्रोलवर नीट आणि फक्त गॅसवर बंद पडत असेल, तर चकतीकडे जाण्याआधी गॅसची बाजू तपासावी, कारण हवेची वाट दोन्ही इंधनांना एकच असते. दर सर्व्हिसला बिलात येणारी 'थ्रॉटल क्लीनिंग'ची ओळ बहुतेक वेळा अनावश्यक असते. होज काढून टॉर्चने पाहणे फुकट आहे, आणि काठ स्वच्छ दिसला तर पुढे काही करण्याची गरज नाही.

टाकीत ओतायची क्लीनरची बाटली इथे निरुपयोगी ठरते. इंजेक्टर चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डच्या टोकाला किंवा थेट सिलिंडरमध्ये असतात, त्यामुळे टाकीतले काहीही चकतीपर्यंत पोचत नाही. कार्बोरेटरच्या काळात पेट्रोल चकतीवरूनच वाहत असे आणि ती बरीचशी धुतली जाई. अमेरिकेत १९८७ ते १९९५ दरम्यानच्या शेव्हरोलेट पिकअपमध्ये इंजेक्टर चकतीच्या वरच बसवलेले असत. त्यांनाही तो फायदा मिळे.

हात घालण्यापूर्वी बॉडी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे लागते. केबलची असेल तर पेडलपासून आलेली तार तिच्या कडेच्या चक्राला अडकवलेली दिसते, आणि आयडलिंगची हवा सांभाळण्यासाठी शेजारी वेगळा छोटा व्हॉल्व्ह असतो. चकती लखलखीत झाली तरी आयडलिंग सुधारले नाही, तर या व्हॉल्व्हची वाट तुंबलेली असते. आताच्या गाड्यांत केबल नसते. पेडलचा सेन्सर ईसीयूला निरोप देतो आणि बॉडीतली मोटर प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांतून चकती फिरवते. हा प्रकार साफ करायला सोपा आणि बिघडवायला त्याहून सोपा. किल्ली चालू असताना चकतीत बोट असेल, तर मोटर ती झपकन बंद करू शकते. काम संपेपर्यंत किल्ली खिशात ठेवणे हा त्यावरचा उपाय.

साहित्य थोडेच लागते: ८, १० आणि १२ चे सॉकेट, स्क्रूड्रायव्हर, होजच्या क्लिपसाठी पकड, रोवे न सुटणारी फडकी, मऊ टूथब्रश, हातमोजे, चष्मा आणि थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे. स्प्रेच्या बाबतीत काटकसर करू नये. कार्बोरेटर क्लीनर अधिक तिखट असतो. तो रबरी सील फुगवतो आणि पुष्कळ बॉड्यांच्या काठाला कारखान्यात दिलेला करडा लेप काढून टाकतो. हा लेप मळ नसतो, चकती घट्ट बसावी आणि अडकू नये म्हणून दिलेला असतो. १९९० च्या दशकात फोर्डच्या अनेक थ्रॉटल बॉडींवर 'साफ करू नका' असा इशाऱ्याचा स्टिकर असे, तो याच लेपामुळे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश किंवा पाते कधीही लावू नये. बाटलीतल्या पेट्रोलने धुण्याची गॅरेजमधली जुनी सवयही सोडावी. गरम इंजिनाशेजारी ती थेट आगीला आमंत्रण देते.

सुपर कॅरी किंवा टाटा एससारख्या छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली असते, त्यामुळे बॉनेटऐवजी सीट उचलावी लागते. तिथे उष्णता कोंडते, म्हणून गाडी काही तास थंड होऊ द्यावी. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाखाली दगड, सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, एवढी तयारी झाली की इनटेकचा होज क्लिप सैल करून काढता येतो. मोटरच्या जोडणीचे लॉक दाबून ती सोडवावी; वायर धरून ओढू नये. बॉडी तीन किंवा चार बोल्टांवर बसलेली असते. काही बॉड्यांना कूलंटचे दोन बारीक होज असतात. थंड प्रदेशात चकतीवर बर्फ धरू नये म्हणून ती सोय असते. ते काढावे लागले तर आधी चिमटून धरावेत, नाहीतर कूलंट वायरिंगवर सांडते. मोकळ्या झालेल्या मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडके बसवावे, कारण तिथे पडलेला एखादा वॉशर काढायला पुढे सबंध मॅनिफोल्ड उतरवावे लागते.

क्लीनर बॉडीत फवारू नये, फडक्यावर फवारावा. थेट फवारा दांडीच्या बेअरिंगमधून मोटरच्या आणि सेन्सरच्या घरात झिरपतो, आणि मग साफ केलेली बॉडी बदलायची वेळ येते. बॉडी अशी धरावी की मोटर वर राहील. सुरुवात पुढच्या बाजूने करून चकती हलक्या, सलग दाबाने उघडावी (मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तरच), तिचा काठ आणि ती जिथे टेकते ते नळीचे वर्तुळ पुसावे, मग पाठ. कडक थरावर ओले फडके दोन मिनिटे ठेवले की तो मऊ पडतो. उरलेल्या कोपऱ्यांसाठी टूथब्रश. चकती सोडताना हाताने सावकाश मिटू द्यावी. पूर्ण चमक आणण्याचा हट्ट इथे नडतो. फटीची जागा स्वच्छ झाली की काम झाले. बाकी नळीवरचा पिवळसर डाग कुणाच्या वाटेत येत नाही.

बसवताना रबरी रिंग किंवा गॅसकेट चपटे झालेले असेल तर नवे घालावे. बोल्ट आधी बोटांनी लावून मग आळीपाळीने आवळावेत. यांचा आवळ बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे अगदी कमी असतो. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डमधले आटे जास्त जोर लावल्यास बाहेर येतात. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. होजची क्लिप सैल राहिली तर फिल्टर चुकवून हवा आत येते आणि आधीच्याहून वाईट आयडलिंग मिळू शकते.

त्यानंतरचा टप्पा बहुतेकांना गोंधळात टाकतो. गाडी सुरू होते आणि आरपीएम १,२०० ते १,५०० वर जाऊन बसतो. बिघाड झाला असे वाटते, पण कारण वेगळे असते. थर वाढत गेला तसतशी ईसीयू चकती जरा जास्त उघडत होती आणि ती सवय तिने स्मृतीत ठेवली होती. थर गेला, सवय राहिली. काही गाड्यांत बॅटरी सोडल्याने ही नोंद पुसली जाते. काहींत इग्निशन चालू करून इंजिन सुरू न करता थोडे थांबावे लागते, मग एसी बंद ठेवून काही मिनिटे आयडलिंग, पुन्हा एसी चालू करून काही मिनिटे. काही गाड्या स्कॅनरने 'आयडल लर्न' केल्याशिवाय ऐकतच नाहीत. एक-दोन दिवसांच्या वापरानंतरही आयडलिंग चढेच राहिले किंवा पी ०५०७ कोड आला, तर हवेची गळती शोधावी. इंजिनाचा दिवा लागून गाडी ठरावीक वेगापुढे जाईना, तर जोडणी नीट बसलेली नाही किंवा मोटरच्या घरात क्लीनर गेला आहे.

काही हजार किलोमीटरमध्येच चकती पुन्हा ओली आणि काळी दिसली, तर दोष तिच्यात नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह अडकलेला असतो, ऑइल खुणेच्या वर भरलेले असते किंवा पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात.

डिझेल पिकअपला यातले फारसे लागू पडत नाही. डिझेल इंजिनाची ताकद इंधनाच्या मात्रेने ठरते, हवा अडवून नव्हे. बीएस-६ नंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत इनटेकला चकती असते खरी, पण ती धूर पुन्हा इनटेककडे खेचणे आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) तापवणे यांसारख्या कामांसाठी. तिच्यावरचा थर ऑइल आणि धुराची काजळी मिळून डांबरासारखा होतो, आणि तो धूर परत आणणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हसकट काढावा लागतो. चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारणे धोक्याचे आहे. आत गेलेले कोणतेही जळाऊ द्रव्य इंधन ठरते, इंजिनाचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो, आणि किल्ली फिरवूनही ते थांबेलच असे नाही.