हाताला मुंग्या येतात? दुर्लक्ष करू नका!



शेवटच्या वाफ्यात पाणी पोहोचले नाही, तर आपण वाफ्याला दोष देत नाही. पाट कोठे तुंबला ते पाहतो. बधिर झालेल्या हाताचेही तसेच आहे.

एका शिवारफेरीत एका वहिनींच्या बोटांवर भाजल्याचे फोड दिसले. "तवा लागला साहेब, पण कळलंच नाही. वाताचं दुखणं जुनंच आहे," त्या म्हणाल्या. वय अवघे ४२.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. बोटे, मनगटे सुजतात, सकाळी तासभर आखडून राहतात. त्यातून मज्जातंतूही दुखावतात, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मनगटातील अरुंद जागेतून एक मज्जातंतू हातात उतरतो. सुजेने तो दबतो. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येतात, रात्री जास्त. पुढे खुरपे हातातून निसटते, धार काढता येत नाही.

जुन्या, तीव्र आमवातात कधी मज्जातंतूला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याच सुजतात. मग पाऊल एकाएकी लुळे पडते, चप्पल पायातून गळते. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मानेचा वरचा सांधा ढिला पडला, तर मज्जारज्जूच दबतो. मान वाकवताच अंगातून वीज गेल्यासारखे वाटते, चालताना तोल जातो. अशांनी डोक्यावर हंडा वा वैरणीचा भारा घेऊ नये, मान मोडून घेऊ नये आणि विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

बधिरपणा मधुमेहाने किंवा कुष्ठरोगानेही येतो. म्हणून आधी तपासणी करावी. कुष्ठरोगाचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. मनगटाला रात्री आधारपट्टी, गरजेप्रमाणे इंजेक्शन वा छोटी शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. मूळ रोगावर डॉक्टर बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणी ती चालत नाही. मधूनमधून रक्त तपासून घ्यावे. बाजारातील निनावी पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. विडी सोडावी. बधिर हाताने गरम भांडे उचलू नये.

त्या वहिनींची शस्त्रक्रिया झाली. रात्रीच्या मुंग्या थांबल्या, पण बोटांचा बधिरपणा पुरता गेला नाही. फार काळ दबलेला तंतू पूर्ववत होईलच असे नाही. पीक पिवळे पडू लागताच आपण धावतो; घरच्या माणसासाठीही तितक्याच लवकर धावा.