वसतिगृहाचा आराखडा

छिंदवाड्यास २०१९ साली विद्यापीठ स्थापन झाले व पुढे त्यास राजा शंकरशाह यांचे नाव देण्यात आले. सौंसरहून छिंदवाडा पन्नास किलोमीटरांहून अधिक दूर, पांढुर्णा त्याहूनही लांब. रोज जाऊन येऊन शिकावे असे हे अंतर नव्हे. नागपूर आपल्या बोलीचे व नात्यागोत्याचे खरे. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पासून ते आपणांस परराज्य झाले, आणि महाराष्ट्राच्या शासकीय वसतिगृहांत त्या राज्याच्या रहिवाशांसच प्रवेश मिळतो. तेव्हा विद्यापीठाच्या आवारात वसतिगृह व्हावे व ट्रस्टने आपल्या महोत्सवी निधीतून त्यास हातभार लावावा, हा सभासदांतील विचार स्तुत्य आहे. मात्र असे वसतिगृह आखताना काय काय पाहावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

इमारतीचे गणित त्या मानाने सोपे आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे वसतिगृहात एका विद्यार्थ्याच्या खोलीस निदान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा हवी. पाणी माणशी रोज १३५ लिटर धरतात. शंभर मुलांस साडेतेरा हजार लिटर झाले. ही तरतूद मे महिन्यात होईल काय, हे विहीर अथवा नळ पाहून आधी ठरवावे. नकाशावर टाकी काढल्याने पाणी येत नाही. शौचकूप मुलांकरिता दर आठांमागे एक व मुलींकरिता दर सहांमागे एक, म्हणजे शंभर मुलांस १३ तर शंभर मुलींस १७. खोल्यांची तोंडे उत्तर-दक्षिण ठेवावीत व पश्चिमेस जिना, न्हाणीघरे काढावीत, म्हणजे दुपारचे ऊन अभ्यासाच्या खोलीत शिरणार नाही.

खरी अडचण स्वयंपाकघरापासून सुरू होते, आणि ती नकाशात दिसत नाही. कोल्हापूरचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते सर्व जातींकरिता. दार सर्वांस उघडे होते. तथापि काही वर्षांतच तेथे एकाच जातीचे विद्यार्थी उरले. मग महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारली. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली, तीत महाराज स्वतः पुढाकार घेऊन होते. या वसतिगृहांस त्यांनी नुसत्या जागा दिल्या नाहीत, तर चालू खर्चासाठी उत्पन्नेही लावून दिली.

एकत्र राहणे अशक्य होते, असा याचा अर्थ घेऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले व ते चालवून दाखविले. मुले एका पंक्तीस जेवत, कामे स्वतः करीत. तेथे व्यवस्थापकाची दृष्टी होती व भाकरीची जबाबदारी घेणारे घर होते. लक्ष्मीबाईंनी त्यापायी अंगावरचे दागिने मोडले.

आमच्या समोरच्या वर्गातील मुलांकडे पाहून आम्ही सांगतो. रमजानात पहाटे सहरीसाठी चूल पेटली पाहिजे, एकादशीस फराळाची सोय पाहिजे, आणि मांसाहारी व शाकाहारी भांडी निराळी ठेवण्यास जागा पाहिजे. या गोष्टी आचाऱ्याच्या मर्जीवर सोडल्या, तर पहिल्या सहामाहीतच मुले बाहेर भाड्याची खोली शोधू लागतात. मुलींच्या बाबतीत तर बारावी झाल्यावर वडील आम्हांस फीपेक्षा आधी हे विचारतात की, दार किती वाजता लागते, आणि रात्री मुलीस ताप आला तर कोणाला उठवायचे. अधीक्षिका आवारातच राहणारी असावी व मराठी समजणारी असावी. आजी-आजोबांना फोनवर हिंदीत धीर येत नाही.

आता निधीविषयी. नावाची पाटी लावून एक खोली बांधावी, असे काही सभासद सुचवितात. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. समजा, वीस गरीब विद्यार्थ्यांस खानावळीच्या खर्चात महिना पाचशे रुपयांची तूट पडते. दहा महिन्यांचे ते एक लाख होतात. शेकडा साडेसहा व्याज धरले, तर सुमारे साडेपंधरा लाखांच्या ठेवीतून ही तूट दर वर्षी भरून निघेल व मुद्दल शाबूत राहील. खोली एकदा बांधली की रंगसफेदीही कोणी विचारीत नाही. खानावळीचे बिल मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस येते.

ही ठेव देताना ट्रस्टने विद्यापीठाकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: जेवणाच्या वरील सोयी, अधीक्षिकेचा निवास, आणि खानावळ समितीत विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी. त्यासाठी दोन्ही तालुक्यांतील यंदाच्या बारावीच्या मुलामुलींची यादी शाळाशाळांतून करावी लागेल. ते काम आम्हा शिक्षकांचे, व दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते आम्ही करून देऊ.